२८ कोअर घेऊ की ८? होस्टिंग सर्व्हरचा प्रोसेसर आणि डिस्क निवडताना

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. कुडाळात तुमचं वेबसाइटचं काम आहे, ७०-एक साइट्स सांभाळता, त्यात होमस्टेवाले, आंबावाले, तारकर्लीची स्कूबावाली मंडळी, एक स्थानिक बातम्यांचं पोर्टल, आणि या सगळ्यांचे ईमेल पण. सध्या सगळं एका व्हीपीएसवर (मोठ्या मशीनचा भाड्यानं घेतलेला तुकडा) आहे आणि मार्चअखेर आंब्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या की साइट्स रखडतात, गिऱ्हाईक पेमेंटच्या पानावर फिरणारं चक्र बघत बसतं. आता डेडिकेटेड, म्हणजे अख्खा तुमच्या एकट्याचा, सर्व्हर भाड्यानं घ्यायचाय. दोन कोटेशनं आहेत, भाडं जवळपास सारखंच. पहिल्यात झिऑन ई५-२६८० व्ही४ चे दोन प्रोसेसर म्हणजे एकूण २८ कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), १२८ जीबी रॅम आणि ४ टीबीच्या दोन साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) हार्ड डिस्क. दुसऱ्यात एकच झिऑन ई-२३८८जी, ८ कोअर, ६४ जीबी रॅम, ९६० जीबीच्या दोन एनव्हीएमई, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान एसएसडी डिस्क. शिवाय मेव्हणे म्हणतायत की भाडं कशाला भरायचं, मशीन विकत घेऊ आणि ऑफिसातच ठेवू.

मी दुसरं घेईन, दोन-तीन बदल करून. कागदावर पहिलं भारी दिसतं हे मान्य, २८ विरुद्ध ८, ४ टीबी विरुद्ध ९६० जीबी, कोणालाही वाटेल की हे तर फुकटात मिळतंय. पण कुठला प्रोसेसर मोठा हा तुमचा प्रश्नच नाहीये. तुमच्या साइट्स नक्की कशासाठी थांबतायत हा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही अजून तपासलेला दिसत नाही, निदान लिहिलेलं तरी नाही. ते तपासल्याशिवाय मी सुद्धा छातीठोक सांगू शकत नाही. साइट्स वर्डप्रेसच्या आहेत की आणखी कशाच्या, कॅशे (एकदा बनवलेलं पान साठवून तेच परत देणं) लावलाय का, मेलबॉक्स किती फुगलेत, बॅकअप कधी आणि कुठं होतो, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून बहुतेक वर्डप्रेस आणि आंबावाल्यांचं वूकॉमर्स (वर्डप्रेसवरचं ऑनलाइन दुकान) असणार असं धरून पुढचं लिहितोय, तसं नसेल तर सांगा.

पहिलं काम, आहे त्या व्हीपीएसवर गर्दीच्या वेळी टॉप ही कमांड चालवा. वरून तिसऱ्या ओळीत प्रोसेसरचा हिशोब असतो. त्यातला यूएस म्हणजे तुमचे प्रोग्रॅम खातायत तो वेळ, डब्ल्यूए म्हणजे प्रोसेसर रिकामा आहे पण डिस्कची वाट बघतोय तो वेळ, आणि एसटी म्हणजे तुमचा वेळ त्याच यंत्रावरच्या शेजाऱ्यांना गेला तो. यूएस जास्त असेल तर प्रोसेसरचा विचार करा. डब्ल्यूए जास्त असेल तर कितीही कोअर घ्या, काही फरक पडणार नाही. आणि एसटी कायम १०-१५ च्या वर असेल तर तुमच्या व्हीपीएसवाल्यानं एकाच मशीनवर दाटीवाटीनं गिऱ्हाइकं बसवलीयत, अशा वेळी साधासा डेडिकेटेड घेतलात तरी सुटका होते.

आमच्या इकडं रत्नागिरीत एक बातम्यांची साइट होती, रोज सकाळी साडेसातला बरोबर मान टाकायची. चहाबरोबर लोक बातम्या वाचतात म्हणून गर्दी होते, सर्व्हर लहान पडतोय, मोठा प्रोसेसर घेऊ, असं मालकाचं ठरलेलं. त्या वेळेला टॉप लावून बघितलं तर यूएस जेमतेम १२, डब्ल्यूए ६५, आणि लोड, म्हणजे रांगेतली कामं, ३८ वर. मग डिस्कचा हिशोब दाखवणारी आयओस्टॅट ही कमांड चालवली, त्यात डिस्कची अवेट, म्हणजे एका मागणीला लागणारा वेळ, १९० मिलिसेकंद आणि यूटिल, म्हणजे डिस्क किती टक्के वेळ गुंतलेली, १००. साडेसातलाच का? तर सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) होतं आणि बॅकअप लावलेला पहाटे २ ला. यूटीसीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. पूर्ण साइट, फोटो, डेटाबेस सगळं झिप करायचं काम ऐन वाचकांच्या वेळेला, आणि ते ही फिरत्या हार्ड डिस्कवर. क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप काम सुरू करणाऱ्या सोयीची, वेळ बदलली, गर्दीचा त्रास गेला, सर्व्हर तोच राहिला. म्हणून म्हणतो, आधी बघा. कधी कधी लॉगिनच्या पानावर बॉट्स रात्रंदिवस पासवर्ड ठोकत असतात, कधी होमस्टेवाल्यानं मोबाईलवरचे ८ एमबीचे समुद्राचे फोटो जसेच्या तसे चढवलेले असतात, त्यावर नवीन हार्डवेअर हा इलाज नाही.

आता प्रोसेसर. वर्डप्रेसचं एक पान बनवायचं काम पीएचपीचा (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) एकच वर्कर करतो आणि तो एका वेळी एकाच कोअरवर चालतो. ते काम बाकीच्या कोअरमध्ये वाटून दिलं जात नाही. मायएसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसची, एक क्वेरीही साधारणपणे एकाच कोअरवर चालते. देवगडहून एक पेटी वाशीला न्यायची असेल तर दारात २८ टेम्पो उभे असले म्हणून ती पेटी लवकर पोचत नाही, टेम्पो किती पळतो त्यावर सगळं. २८ टेम्पो लागतात ते २८ जणांच्या पेट्या एकाच वेळी निघाल्या तर. म्हणून पान उघडायला किती वेळ लागतो हे कोअरच्या वेगावर ठरतं, आणि एका वेळी किती जण उघडू शकतात हे कोअरच्या संख्येवर.

ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा प्रोसेसर, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो, म्हणजे गरजेला थोडा वेळ वाढणारा वेग, ३.३ पर्यंत. ई-२३८८जी २०२१ चा, मूळ ३.२ आणि टर्बो ५.१. नुसत्या गिगाहर्ट्झवर जाऊ नका कारण मधल्या पिढ्यांमध्ये दर गिगाहर्ट्झमागं होणारं काम पण वाढलंय, एका कोअरचा हिशोब केला तर नवीन जवळपास पावणेदोन पट पळतो असं धरून चाला. त्यात जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष जाहीर झाल्यावर जुन्या इंटेल प्रोसेसरांवर जे सॉफ्टवेअरचे उपाय आले त्यांनी जुन्यांचाच वेग जास्त खाल्ला, आणि डेटाबेस नि फाइलींचं काम, जिथं सारखं कर्नलकडं (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडं) जावं लागतं, तिथं ते जास्त जाणवतं. दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसरच्या, मशीनमध्ये आणखी एक भानगड, अर्धी रॅम एका प्रोसेसरच्या बाजूला आणि अर्धी दुसऱ्याच्या, पलीकडची रॅम वाचायला थोडा जास्त वेळ. छोट्या होस्टिंगला हे फारसं टोचणार नाही पण फायदा तर नक्कीच नाही.

मग ८ कोअर पुरतील का? हिशोब करा. कॅशेत नसलेलं एक वूकॉमर्सचं पान बनवायला समजा पाव सेकंद प्रोसेसर लागतो. एक कोअर सेकंदाला ४ पानं, ८ कोअर साधारण ३०, मिनिटाला १८०० च्या आसपास. आणि ही फक्त कॅशे न होणारी पानं, म्हणजे कार्ट, चेकआउट, लॉगिन वगैरे. होमस्टेची पानं, बातम्या, आंब्याची दरपत्रकं हे सगळं कॅशेतून गेलं की प्रोसेसरला काम उरत नाही म्हटलं तरी चालेल. तुमच्या सगळ्या आंबावाल्यांना मिळून मिनिटाला १८०० जण चेकआउटवर यायला लागले तर मला फोन करा, आपण दोघं मिळून बाग घेऊ.

जास्त कोअर कुठं कामाला येतात हे पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. तुम्ही त्याच मशीनवर १०-१५ व्हर्च्युअल मशिनं करून विकणार असाल, व्हिडिओ कन्व्हर्ट करणार असाल, किंवा खरंच शेकडो गर्दीच्या साइट्स असतील तर २८ मंद कोअर ८ वेगवान कोअरना भारी पडतील. पण त्याला सुद्धा २०१६ चा माल कशाला, एएमडीच्या एपिक या सर्व्हरसाठीच्या मालिकेतला एकच प्रोसेसर घ्यावा. एक उलटा तोटा, विंडोज सर्व्हर लागणार असेल तर २०१६ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टचं लायसन कोअरवर मोजलं जातं, कमीत कमी १६ कोअरचं घ्यावंच लागतं आणि २८ असतील तर २८ चं. लिनक्सवर ही कटकट नाही.

दुसऱ्या कोटेशनवाल्याकडं पर्याय असेल तर एएमडीचेच रायझन (साध्या पीसीसाठीचे) किंवा एपिक ४००४ मालिका पण विचारा. ४००४ ही मे २०२४ मध्ये आली, आतून रायझनचीच भावंडं पण सर्व्हरसाठीची, वेगवान कोअर आणि ईसीसी रॅमचा (स्वतःतली चूक ओळखून सुधारणारी रॅम) अधिकृत सपोर्ट. साध्या रायझनमध्ये ईसीसी चालेल की नाही हे मदरबोर्डवर ठरतं, विचारून घ्या. ईसीसी घ्याच. रॅममधला एक बिट उलटला आणि तो तसाच डेटाबेसमध्ये लिहिला गेला तर तुम्हाला कधी कळणारही नाही, बॅकअपमध्ये पण तोच खराब डेटा जातो. आणि कोणी कोअर आय९ च्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा सर्व्हर स्वस्तात देत असेल तर बायोस नवीन टाकलाय का ते आधी विचारा, त्यांच्या अस्थिरतेचा प्रॉब्लेम इंटेलनं २०२४ मध्ये मान्य करून नवीन मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून येणारं प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलाय. त्याआधी बराच काळ रगडलेला प्रोसेसर तुमच्या गळ्यात नको, नव्या मायक्रोकोडनं झालेली झीज भरून येत नाही.

रॅमबद्दल पहिल्या कोटेशनची बाजू खरी आहे. १२८ जीबी चांगलीच. लिनक्स रिकाम्या रॅममध्ये एकदा वाचलेल्या फाइली ठेवून देतो, त्यामुळं रॅम भरपूर असली की मंद डिस्कचं पाप झाकलं जातं. पण झाकलं जातं एवढंच. रिबूट झाला की पहिला अर्धा-पाऊण तास हाल, बॅकअप सुरू झाला की परत हाल, आणि लिहिण्याला तर रॅमचा उपयोगच नाही कारण ते शेवटी डिस्कवरच जायला हवं. तुम्हाला ६४ पुरतील, डेटाबेसचा बफर पूल (त्यानं स्वतःसाठी राखलेली रॅम) १२-१६ जीबी ठेवा, बाकी पीएचपी आणि फाइल कॅशेला. ई-२३८८जी ला १२८ पर्यंत रॅम बसते, पुढंमागं वाढवता येईल.

आता डिस्क, आणि माझ्या मते तुमचे निम्मे पैसे इथं लागायला हवेत. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे, एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.२ मिलिसेकंद. हेड एका ट्रॅकवरून दुसरीकडं न्यायला आणखी ८-९. म्हणजे विखुरलेली एक छोटी मागणी १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला ८० च्या घरात. डिस्क ४ टीबीची असो की १६ टीबीची, हा आकडा फार हलत नाही, कारण तो यंत्राच्या हालचालीचा वेळ आहे. आणि होस्टिंगचं काम सगळं विखुरलेलंच असतं. वर्डप्रेसच्या शेकडो छोट्या पीएचपी फाइली, मेलडिरमध्ये प्रत्येक ईमेल एक वेगळी फाइल, डेटाबेस कुठं तरी तिसरीकडं. एखाद्याच्या फोननं ३० हजार मेलांचा फोल्डर सिंक करायला घेतला की ती डिस्क बाकीच्यांना वेळ देतच नाही. सर्व्हरचं वर्णन करताना लोक एमबी प्रति सेकंद सांगतात, मोठी फाइल सलग वाचायला ती डिस्क २०० एमबी देईलही, पण तो आकडा इथं कामाचा नाही.

साटा एसएसडी याच कामाला सेकंदाला हजारोंनी मागण्या पुरवते, एनव्हीएमई लाखांत जाते. साटाच्या जुन्या पद्धतीत ३२ कामांची एकच रांग असते, एनव्हीएमईत हजारो रांगा करता येतात, म्हणून गर्दीत ती जास्त टिकते. पण खरं सांगू का, हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेलात तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक फोन करून सांगेल की साइट पळायला लागली. साटा एसएसडीवरून एनव्हीएमईवर गेलात तर ७० साइट्सच्या होस्टिंगमध्ये कोणाला कळणार पण नाही. त्यामुळं एनव्हीएमई या शब्दावर भाळू नका. त्यापेक्षा डिस्क घरगुती आहे की सर्व्हरची हे विचारा, तो फरक खूप मोठा आहे आणि कोटेशनात कोणीच लिहीत नाही.

फरक कसला तर पॉवर लॉस प्रोटेक्शनचा. सर्व्हरच्या एसएसडीवर छोटे कपॅसिटर असतात, वीज गेली तरी डिस्कच्या आतल्या मेमरीत जे लिहायचं राहिलंय ते लिहून पुरं करायला तेवढा चार्ज पुरतो. तुम्ही म्हणाल डेटा सेंटरमध्ये लाइट कुठं जाते, ते काय कुडाळ आहे का. बरोबर, पण याचा खरा फायदा वेगाचा आहे. मायएसक्यूएल डिफॉल्ट सेटिंगला प्रत्येक कमिटनंतर, म्हणजे व्यवहार पक्का करताना, डिस्कला विचारतो की बाबा खरंच लिहिलंस ना, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. कपॅसिटरवाली डिस्क लगेच हो म्हणू शकते कारण लाइट गेली तरी तिला भीती नाही. घरगुती डिस्कला खरंच चिपमध्ये लिहून मग हो म्हणावं लागतं, त्याला कित्येक पट वेळ. आणि वूकॉमर्सची एक ऑर्डर म्हणजे एक कमिट नव्हे, ऑर्डर, तिचे तपशील, स्टॉक कमी करणं, सेशन, नोंदी, असे बरेच कमिट एकामागून एक. तुमचं गिऱ्हाईक चक्र बघत बसतं ते बऱ्याचदा इथं. काही जण सल्ला देतात की मायएसक्यूएलचं ते सेटिंग १ चं २ करा, वेग वाढेल. वाढतो, पण मशीन अचानक बंद पडलं तर शेवटच्या सेकंदभरातले व्यवहार जाऊ शकतात. बातम्यांच्या साइटला चालेल, पेमेंट घेणाऱ्याला मी करू देत नाही. पैसे कापले गेले आणि ऑर्डर सापडत नाही, हे भांडण आंब्याच्या सीझनमध्ये कोणाला हवंय.

तर कोटेशनवाल्याकडं डिस्कचा मॉडेल नंबर मागा. सॅमसंगची पीएम९ए३, मायक्रॉनची ७४५०, साटात सॅमसंग पीएम८९३ किंवा मायक्रॉन ५४००, अशी नावं आली तर बिनधास्त घ्या, ही सगळी सर्व्हरचीच आणि कपॅसिटरवाली. ९८० प्रो असं काही आलं तर ती गेमिंगच्या पीसीसाठी उत्तम डिस्क आहे, इथं नको. ९६० जीबी हा आकडा बघून आशा वाटते, कारण सर्व्हरच्या डिस्क ९६० आणि १.९२ टीबी अशा मापात येतात आणि घरगुती बहुतेक ५०० नि १ टीबीत. पण किंगस्टन ए४०० सारखी घरगुती सुद्धा ९६० मध्ये येते, म्हणून नुसत्या मापावर जाऊ नका.

एसएसडी लिहून लिहून झिजते याची लोकांना उगाच भीती असते. ९८० प्रो १ टीबीची हमी ६०० टीबी लिहिण्यापर्यंतची. सर्व्हरवाल्या डिस्कची हमी रोज एकदा पूर्ण भरून लिहिली तरी ५ वर्षं अशा हिशोबात असते, ९६० जीबीला ते १७५० टीबी होतात. तुमचा सर्व्हर दिवसाला १५० जीबी लिहितो असं धरलं, आणि हे भरपूर झालं, तर वर्षाला ५५ टीबी. म्हणजे घरगुती सुद्धा ११ वर्षं. फक्त रोजचा बॅकअप त्याच एसएसडीवर झिप करून ठेवू नका, तिथं आकडा झपाट्यानं चढतो.

भाड्याच्या सर्व्हरमध्ये डिस्क बहुतेक वापरलेल्याच असतात, त्यात गैर काही नाही, पण किती वापरलेल्या ते बघा. सर्व्हर हातात आला की साइट्स हलवायच्या आधी डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल ही कमांड चालवायची. पॉवर ऑन अवर्समध्ये ४१,००० दिसले तर वर्षाचे ८७६० तास धरून ती डिस्क पावणेपाच वर्षं सलग चाललीय. एसएसडीला पर्सेंटेज यूज्ड बघा, ७०-८० असेल तर बदलून मागा, पहिल्या आठवड्यात सहसा कुरकुर न करता देतात. हार्ड डिस्कला रीॲलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग (खराब झालेले आणि संशयित तुकडे) हे दोन्ही शून्यच हवेत, शून्य नसेल तर वाद घालायचा नाही, परत द्यायची. यूडीएमए सीआरसी एरर वाढत असतील तर मात्र डिस्क नाही, केबल बदलायला सांगा.

दोन डिस्क म्हणजे रेड १ (रेड, RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत), आरशासारखं दोन्हीवर तेच. कोटेशनात २ गुणिले ९६० लिहून खाली एकूण १.९२ टीबी असं लिहिलेलं असेल तर तो रेड ०, म्हणजे डेटा दोन डिस्कमध्ये वाटून, लावून देतोय, एक डिस्क गेली की सगळंच गेलं, स्पष्ट नाही म्हणा. रेड ५ चा सल्ला कोणी दिला तर प्रत्येक छोट्या लिहिण्याला तिथं चार कामं पडतात, जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशोब) वाच, मग दोन्ही परत लिही. पुढं चार डिस्क घेतल्यात तर रेड १०, म्हणजे आरशाच्या दोन जोड्या. लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड यासाठी छान चालतं, वेगळ्या कार्डाचे पैसे घालवू नका. एमडीस्टॅट ही त्या रेडची स्थिती दाखवणारी फाइल उघडून दोन यू दिसतायत का बघा, एका यूच्या जागी अंडरस्कोअर असेल तर सर्व्हर तुम्हाला एकाच डिस्कवर चालता दिलाय. हे मी पाहिलंय, महिनोन्‌महिने कोणाला पत्ता नसतो, कारण साइट चालू असते. डिस्क पडली की मेल येईल असं सेट करा, आणि तो मेल त्याच सर्व्हरवरच्या मेलबॉक्सला नको, जीमेलला पाठवा.

शक्य असेल तर दोन्ही डिस्क वेगवेगळ्या बॅचच्या मागा. एचपीईनं नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीमुळं बरोबर ३२,७६८ तासांनी कायमच्या बंद पडतील, फर्मवेअर बदला. एकाच दिवशी बसवलेल्या दोन डिस्क अशा एकाच तासाला गेल्या तर आरसा काय कामाचा?

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कोणाच्या तरी जुन्या प्लगइनमधून हॅकर घुसला आणि फाइली पुसल्या तर दोन्ही डिस्क त्या आज्ञाधारकपणे पुसतात. ४ टीबीची हार्ड डिस्क मी इथं घेईन, तिसरी म्हणून, रोजचे बॅकअप ठेवायला. सलग मोठ्या फाइली लिहायला ती अगदी योग्य आणि स्वस्त. फक्त ती सीएमआर, म्हणजे ट्रॅक वेगवेगळे असलेली, असावी. एसएमआर प्रकारात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळं जुनं बदलून लिहिताना शेजारचं पण परत लिहावं लागतं आणि वेग कोसळतो. वेस्टर्न डिजिटलनं एप्रिल २०२० मध्ये मान्य केलं की त्यांच्या रेड (Red, वरची रेड १ वाली पद्धत नव्हे) नावाच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये एसएमआर होतं, तोवर लोक नासमध्ये (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीत) त्या घालून रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत उभा करणं, का होत नाही म्हणून डोकं आपटत होते. म्हणजे इथंही मॉडेल नंबरच. त्याशिवाय एक प्रत मशीनच्या बाहेर, दुसऱ्या ठिकाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं तेव्हा ज्यांचे हिशोब आणि बॅकअप दोन्ही तळमजल्यावरच होते त्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

यावरून मेव्हण्यांच्या मुद्द्याकडं येतो. ऑफिसात सर्व्हर ठेवायची इच्छा मला समजते, भाडं दर महिन्याला टोचतं. पण मे महिन्यात वळीव सुरू झाला की लाइटचं काय होतं ते कुडाळात राहणाऱ्याला मी सांगायला नको, इन्व्हर्टरवर सर्व्हर, राउटर आणि एसी किती वेळ ओढणार? तौक्ते आलं तेव्हा काही गावांत लाइट कित्येक दिवस नव्हती. खारी दमट हवा कनेक्टरना गंज चढवते, रॅम काढून पुसून लावली की मशीन चालू होतं हा अनुभव इकडच्या प्रत्येक कॉम्प्युटर रिपेअरवाल्याला आहे. हायवेला खोदकाम झालं की फायबर तुटते आणि दुसरी लाइन नसते. शिवाय ब्रॉडबँडच्या आयपीवरून पाठवलेले मेल सरळ स्पॅममध्ये जातात. ऑफिसात ठेवायचीच असेल तर ती बॅकअपची एक प्रत ठेवा, वरच्या मजल्यावर.

सर्व्हर कुठल्या डेटा सेंटरमध्ये हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमची गिऱ्हाइकं मुंबई, पुणे, ठाण्याची असणार, त्यांना नवी मुंबईतला सर्व्हर काही मिलिसेकंदांवर पडतो आणि युरोपातला शंभराच्या पुढं. एक पान उघडताना अशा बऱ्याच फेऱ्या होतात, डिस्कमध्ये वाचवलेला वेळ तिथं जाईल. युरोपात तेवढ्याच पैशात जास्त मोठं मशीन मिळतं हे खरं, पण वूकॉमर्ससाठी मी मुंबई किंवा नवी मुंबईच बघेन.

तर दुसऱ्या कोटेशनवाल्याला एवढं लिहून पाठवा: एनव्हीएमईचा मॉडेल नंबर काय, त्याला पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का, रॅम ईसीसी आहे का, रेड १ लावून देणार का, ४ टीबीची एक सीएमआर हार्ड डिस्क वाढवायला किती, आणि डिस्क खराब झाली तर किती तासांत बदलता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. ९६० जीबी पुरेल का ते आत्ता व्हीपीएसवर डीयू ही जागा मोजायची कमांड लावून बघा, साइट्स सहसा लहान असतात, मेलच फुगलेले असतात. ७०० जीबीच्या वर जात असाल तर १.९२ टीबीच्या मागा, किंवा मेल वेगळ्या सेवेवर हलवा, मी तर मेल हलवाच म्हणेन.

आणि हलवाहलवी आत्ता सीझनमध्ये अजिबात नको. जूनमध्ये आंबा संपला, स्कूबा बंद झाली, होमस्टे रिकामे पडले की निवांत करा. दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० वर आणा, आधी दोन-चार कमी महत्त्वाच्या साइट्स नेऊन आठवडाभर टॉप आणि आयओस्टॅट बघा, मग आंबावाल्यांना न्या. तोवर व्हीपीएसवर बॅकअपची वेळ आणि घड्याळ कुठल्या टाइमझोनला आहे ते आजच तपासा, आणि गर्दीच्या वेळचे यूएस, डब्ल्यूए, एसटी हे तीन आकडे इथं टाका. डब्ल्यूए शून्याजवळ आणि यूएस ९० च्या वर निघालं तर वर लिहिलेल्यातला डिस्कचा भाग तेवढ्या घाईचा नाही, मग आधी कॅशे आणि प्लगइनकडं बघू.